कुंपणाबाहेरची गिटार

चावाकाली, २ फेब्रुवारी १९७७

मेव्हणा झेबेदायो यास हेझरॉनकडून मिरेंबे, शांती असो.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र बाजूला टाकशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो की तुझी आई धडधाकट आहे आणि इकडे कोणी गेलेलं नाही. पत्र मरणाबद्दलच आहे, पण ते मरण अजून व्हायचंय.

गेल्या महिन्यात खालच्या अंगाचा म्हातारा अदागाला वारला. त्याच्या मुलांनी मातीला गाडीवर बांधलेले कर्णे आणि विजेवरचा बाजा आणला. तुझी आई दिवसभर कानात बोटं घालून पहिल्या रांगेत बसली होती. परत येताना तुझ्या बहिणीला, मिनायोला, म्हणाली, एवढा दणदणाट केला, त्यातलं अदागालाला काय ऐकू आलं? माझ्या मातीचं वाजवणं मी जिवंतपणी ऐकणार. चुकलं तर सुधारायला वेळ तरी राहील.

तर हुकूम असा आहे. ईस्टरनंतरच्या शनिवारी तिच्या कुंपणाबाहेर मी गिटार घेऊन बसायचं आणि माझ्या शेजारी तू तुझी वाजवायची बाटली घेऊन. तुझ्या वडिलांच्या मातीला आपण वाजवलं होतं तेच वाजवायचं, तारांच्या त्याच जुळणीत. दोघं मिळून वाजवत नसाल तर तीसुद्धा कर्णेवाल्यालाच बोलावणार आहे, आणि पोटचा पोर आणि जावई असताना कर्णे का आले हे येणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवणार आहे. सहा वर्षांत तू घरी आला नाहीस, याबद्दल ती काही बोलत नाही. ती फक्त बाटलीबद्दल बोलते.

मी जावईमाणूस. रीतीप्रमाणे तिच्या घरात पाय टाकू शकत नाही, तोंडाला तोंड देऊन वाद घालू शकत नाही. कुंपणापलीकडून आवाज येतो आणि मी मान डोलावतो. मान डोलावलेली तिला दिसत नाही, पण ती धरून चालते.

सहा वर्षांपूर्वी मुदेते गावच्या लग्नात आपलं जे भांडण झालं त्याचा विषय मी काढत नाही. कोंबडीतला मानाचा तुकडा गिटारवाल्याच्या ताटात जातो की बाटलीवाल्याच्या, हे साऱ्या मारागोलीला ठाऊक आहे, म्हणून काढत नाही.

जाता जाता एक विचारतो. माझ्या जुळणीत तिसरी तार कुठल्या सुरावर असायची, तुला आठवतं का? मला अर्थातच आठवतं. मोंबासाच्या खाऱ्या हवेत माणसाचे कान गंजतात म्हणे, म्हणून तुझी परीक्षा घेतोय.

हेझरॉन केगोडे

चावाकाली, २१ फेब्रुवारी

झेबेदायो,

तुझं पत्र पोचलं. त्याला पत्र म्हणायचं तर शेळीच्या शेपटाला पांघरूण म्हणावं लागेल. दोनच वाक्यं. ‘तू तारा लावताना नेहमी माझ्याकडे पाठ करून बसायचास. तुझं गुपित तुलाच लखलाभ.’

बरं, पाठ करायचो. कोण करत नव्हतं? त्या काळी आपल्या इथल्या लुआंडाच्या बाजारात वाजवून उठताना जो खुंट्या ढिल्या करायचा नाही त्याची जुळणी पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या हातात दिसायची. गिटार कोणी मागितली तर द्यावी, पण तारा सैल करून द्यावी, हे मला माझ्या मामाने शिकवलं होतं. मामाला कोणी शिकवलं ते त्याने सांगितलं नाही. तेही गुपितच.

पण तू परका नव्हतास. तू माझ्या तिसऱ्या तारेला कान लावून बाटलीत पाणी भरायचास, घोटभर टाकायचास, चमचाभर ओतून द्यायचास, आणि मग खिळ्याने टिचकी मारलीस की तार आणि काच एका घरातल्या बहिणींसारख्या बोलायच्या. पाठ माझी होती, कान तुझे होते. तेव्हा मला काही ठाऊक नाही असं म्हणू नकोस.

मी रोज सराव करतोय. सगळं जिथल्या तिथे आहे. तू फक्त तिसऱ्या तारेचं लिही, म्हणजे तुझा कान शाबूत आहे की नाही ते मी आईला कळवीन.

हेझरॉन

(झेबेदायो, मी मिनायो. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय. हा खोटं लिहितोय. जुळणी विसरलाय. दोन आठवडे अंगणात बसून खुंट्या पिळतोय आणि रोज शेवटी चर्चचं गाणं वाजवून उठतो. आई थकलीये रे. तोंडाने बोलत नाही, पण बस थांबली की दाराशी येते.)

चावाकाली, ९ मार्च

झेबेदायो,

तू मला हसलास हे मिनायोला लिहिलंस. मला लिहायचं धाडस झालं नाही वाटतं. तिने पाकिटात काय लिहिलं ते मला तुझ्या उत्तरावरून कळलं. बायको म्हणजे घरातला पोस्टमास्तर.

आता झाकण्यात अर्थ नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी ती इतकी वर्षं झाकून ठेवली की उघडल्यावर आत काहीच निघालं नाही.

हे झालं कसं, ते ऐक. तू बाटली घेऊन गेलास. बाटलीशिवाय त्या जुळणीत वाजवणं म्हणजे मीठ न घालता म्रेंदाची भाजी खाणं. मी चर्चच्या गायनात बसू लागलो. तिथे गिटार त्यांच्या पद्धतीने लावायची आणि सगळ्या बोटांनी वरून खाली अंगण झाडल्यासारखं झाडायचं. भजनं चांगली असतात, पाद्री भला माणूस आहे, चहा मिळतो. पण सहा वर्षं झाडू मारल्यावर हाताला दुसरं काही येईना.

आपलं वाजवणं कसं होतं? दोन बोटांचं. अंगठा म्हणजे बाजाराला निघालेला म्हातारा, जाड तारांवर आपल्या चालीने चाललेला, कोणी हाक मारली तरी न थांबणारा. तर्जनी म्हणजे त्याच्या पायांत घोटाळणारी कोंबडी. इथे टोच, तिथे टोच, सूर उमटला न उमटला तोच तार दाबून गप्प. बाकीची तीन बोटं पाहुण्यांसारखी बसून. आता माझी ती तीन पाहुणी उठून घरात कारभार करतात. अंगठा चालतो, पण दर चार पावलांनी चर्चच्या दारात शिरतो.

गिटारच्या मानेवर पेन्सिल आडवी घालून तिला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून पाहिली. पहिली तार तुटली तेव्हा ब्रेकची वायर सोलून लावली, की जुन्या वायरीला तरी जुनं आठवेल. शेजारचा चावासू रोज कुंपणावर टेकून ऐकतो. काल म्हणाला, काका, शेळी विकायला काढलीत का, तिला काही त्रास होतोय वाटतं. मिनायो म्हणाली, हे जर आईने ऐकलं तर ईस्टरपर्यंत थांबायची गरज नाही.

मी हसतोय, पण तुला खरं सांगतो. ही जुळणी मामाची होती, त्याला मूल नव्हतं. माझ्या मुलींना गिटारचं वेड नाही. ती माझ्या बोटांतून गेली तर पृथ्वीच्या पाठीवरून गेली. आणि तुझी आई कर्ण्यांच्या आवाजात खड्ड्यात जाईल.

तिसरी तार कुठे असायची ते लिही. विनंती करतोय.

हेझरॉन

चावाकाली, २३ मार्च

झेबेदायो,

या वेळी चांगलं लांब लिहिलंस. मन भरून आलं आणि डोकं फिरलं.

‘सकाळी बंदरात शिरणाऱ्या मोठ्या जहाजाच्या भोंग्यापेक्षा किंचित वर.’ अरे भल्या माणसा, इथे जहाज आणू कुठून? आमच्या ओढ्यात बदकसुद्धा नीट तरंगत नाही. दुसरी खूण किसुमूच्या बसच्या भोंग्याची. त्या ड्रायव्हरने भोंगा बदलून तीन वर्षं झाली. नवा भोंगा हंस गिळल्यासारखा वाजतो.

तिसरी खूण मात्र पटली. ‘आईच्या मोठ्या सुफुरियाच्या काठावर डाव मारला की जो आवाज यायचा तोच.’ वाचताक्षणी माझ्या अंगावर काटा आला. तू लहानपणी जेवणाची वाट बघत तेच वाजवत बसायचास.

पण पातेलं तिच्या स्वयंपाकघरात आणि जावई कुंपणाबाहेर. म्हणून मिनायोला आत पाठवलं. तिने डाव मारायचा, मी बाहेर केळीच्या बुंध्याला टेकून तार लावायची. तिने मारला. मी खुंटी पिळली. पुन्हा मार म्हटलं. पुन्हा मारला. ती चिडली की जोरात मारते, जोरात मारलं की सूर चढतो, सूर चढला की मी पुन्हा मार म्हणतो. बराच वेळ चाललं.

आता विचार कर. एवढ्या वयाच्या बाईच्या घरातून भांडं बडवल्याचा आवाज येतोय, थांबत नाही, आणि जावई बाहेर केळीखाली मान खाली घालून बसलाय. शेजारपाजार काय समजणार? म्हातारी गेली! आधी चावासूची बायको डोक्याला हात लावून रडत आली. तिच्यामागे वरच्या अंगाच्या बाया सरपणाच्या मोळ्या घेऊन. कोणी केळीचा घड आणला. मुख्याध्यापकांनी शाळेला सुटी दिली. रडं एवढं मोठं झालं की मिनायोला वाटलं मीच मेलो, म्हणून ती डाव घेऊन धावत बाहेर आली.

तेव्हा तुझी आई मागच्या वाफ्यातून भाजी खुडून परतली. सगळ्यांना तिने दारातून पाहिलं. कोणी किंचाळलं, कोणी बसकण मारली. ती शांतपणे एका खोडावर बसली आणि म्हणाली, “थांबलात कशाला? रडा. कोण मनापासून रडतं ते बघू दे.”

मग तिने हजेरी घेतली. कोण आलं नाही हेही विचारून घेतलं. सरपण आणि केळी ठेवून घेतली, म्हणाली पुढच्या वेळी पुन्हा आणायचा त्रास नको. जाताना सगळ्यांना चहा दिला. चहा मलाही आला, कुंपणावरून.

आणि एवढं होऊन सूर सापडलाच नाही. त्या सुफुरियाच्या तळाला मागच्या वर्षी पत्रेवाल्याने ठिगळ लावलंय. आता ते खोकल्यासारखं वाजतं.

ईस्टर जवळ येतोय. काहीतरी कर.

हेझरॉन

चावाकाली, ४ एप्रिल

झेबेदायो,

बसच्या कंडक्टरने बाटली आणून दिली. तुझ्या दोन शर्टांत गुंडाळलेली, अंगाला एक ओरखडा नाही, तुझा खिळ्याचा ओरखडा सोडून. तीच नारंगी सोड्याची जुनी बाटली, त्याच आडव्या वळ्या. तू तिच्यात खिडकीशी फूल ठेवायचास असं लिहिलंस. मिनायोने हे वाचून दोन वेळा नाक पुसलं, म्हणाली सर्दी झालीये.

तू म्हणतोस, ओरखड्यापर्यंत पाणी भर, टिचकी मार, तीच तिसरी तार, आता माझी गरज नाही.

भरलं. मी टिचकी मारली, मिनायोने मारली. आवाज येतो, खोटं कशाला बोलू. पण बाटली मुठीत धरली तर एक बोलते, दोन बोटांत लोंबती धरली तर दुसरंच बोलते. तू कशी धरायचास? मला आठवतच नाही, कारण मी तुझ्याकडे पाठ करून बसलेला असायचो. हे लिहिताना मला हसूही आलं आणि हसू आवडलंही नाही.

अंदाजाने तिसरी लावली. तिच्या आधाराने बाकीच्या बसवल्या. अंगठा थोडासा ओळखीचं चालायला लागला. संध्याकाळी कुंपणापाशी नेऊन वाजवून दाखवलं, बाटलीवर मिनायो होती. तिच्या हातात ताल आहे, पण ती बाटलीला भांडी घासल्यासारखी घासते. संपल्यावर पलीकडून तुझ्या आईने विचारलं, “बाटली आली. मुलगा कुठाय?”

मी काय सांगणार? जावयाला उत्तर द्यायची परवानगी नाही, हे त्या दिवशी प्रथमच सोयीचं वाटलं.

सुटी मिळत नाही असं तू लिहिलंस. बंदरात तुझ्यावाचून जहाजं बुडणार नाहीत. मुदेतेचा तो तुकडा माझा होता या मतावर मी ठाम आहे आणि तू तुझ्या मतावर ठाम राहा, त्यासाठी मोंबासात राहायची गरज नाही. माझ्या अंगणात बसूनही ठाम राहता येतं. जागा आहे.

ये.

हेझरॉन

चावाकाली, २० एप्रिल

प्रिय झेबेदायो,

तू सुखरूप पोचला असशील. तुझी एक चप्पल माझ्या पलंगाखाली सापडली. दुसरी तू पायात घालून गेलास की हातात घेऊन, ते कळव.

तू रविवारच्या बसने घाईत निघालास, म्हणून एक गोष्ट सांगायची राहिली. तुझ्यासमोर सांगता आली नसती.

आधी शनिवारचं. मी गिटार घेऊन बसलो आणि सवयीने पाठ फिरवायला निघालो, तर तू बाजूला, चावासू समोर, सगळं गाव चहूबाजूंनी आणि मागे कुंपणाआड सासूबाई. पाठ करायची कुणाकडे? सगळ्यांसमोर तारा लावल्या. चाळिशीनंतर पहिल्यांदाच कपडे काढून नदीत उतरल्यासारखं वाटलं.

पहिला फटकारा मारला आणि मला कळलं की हे ते नाही. तिसरी वर चढलीये. खुंटी धरायला हात गेला, पण अंगठा निघाला होता आणि निघालेला म्हातारा थांबत नाही हे तुला ठाऊक आहे. तू पहिली टिचकी मारलीस, काच आणि तार एकमेकींशी भांडल्या आणि लोकांची तोंडं आंबट झाली. मला वाटलं, संपलं. आता हा उठणार, बाटली उचलणार आणि पुन्हा सहा वर्षं.

बाटली तू उचललीसच. तोंडाला लावलीस, एक घोट प्यायलास, खाली घेतलीस आणि टिचकी मारलीस. काच चढली आणि तारेशी जाऊन बसली. इतकी वर्षं माझी खुंटी तुझ्या पाण्यासाठी हलली नाही, आणि तू माझी चूक पिऊन टाकलीस. मी तुझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तर्जनी घसरली असती. पुढे काय वाजवलं ते मला नीट सांगता येणार नाही. चावासूची बायको नाचली, मुख्याध्यापक नाचले, पाद्रीबाबांची टाच हलत होती.

मिनायोने त्या दिवशी कोंबडी न करता मासे का केले, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. माशात मानाचा तुकडा नसतो.

तुझ्या आईने तुला जवळ घेऊन सांगितलं, अगदी तेच होतं, तुझ्या वडिलांच्या मातीचंच. तू मान खाली घातलीस. मी बाहेरून ऐकत होतो. आता खरं ऐक. तू गेल्यावर सोमवारी तिने मला कुंपणापाशी बोलावलं.

म्हणाली, “हेझरॉन, ते नव्हतं.”

पुढे म्हणाली, मुलाला कशाला सांगू, एवढा लांबून आला होता. पण तुला सांगते. जुनं गेलं. शोधू नकोस.

मामाची जुळणी, माझ्या मुठीत मेलेली. मी जावयाची रीत मोडून बोललो, कुंपणाला तोंड लावून म्हटलं की आई, मला माफ करा.

तर म्हणाली, कसली माफी? जुन्यात तुझीच गिटार सगळीकडे पळायची, माझ्या पोराची बाटली कुठे ऐकूच यायची नाही. पंचवीस वर्षं ऐकून घेतलं, जावई म्हणून बोलले नाही. यात निदान दोघांचं कळतं. माझ्या मातीला हेच वाजवायचं. याला आता सांभाळा.

बघ, पंचवीस वर्षं. मला वाटायचं ती कौतुकाने गप्प असते.

तर आता ही नवी जुळणी तुला पत्रातच देतो, कोणीही फोडून वाचो. बाटलीवर तुझ्या ओरखड्याखाली, तुझा घोट संपला तिथे मी दुसरा ओरखडा मारलाय. तिथवर पाणी, बाटली दोन बोटांत लोंबती, ती तिसरी तार. पहिली आणि दुसरी चर्चच्या पद्धतीने, इतकी वर्षं तिथला चहा प्यालो त्याची परतफेड. चौथी तिसरीची थोरली बहीण, तसाच सूर पण खालचा. पाचवी आणि सहावी अंगठ्याला विचारून. चावासूलाही सांगितली. काल बघतो तर तो पेन्सिल आणि ट्यूबची पट्टी घेऊन दारात उभा. शेळीची चौकशी केली नाही.

पण सासूबाई समाधानी आहेत असं समजू नकोस. तिचं म्हणणं, मधल्या भागात माझी तर्जनी पेंगते आणि शेवटाला तू घाई करतोस, मोंबासाच्या लोकांना कुठे जायची एवढी घाई असते कोण जाणे. मेल्यावर चूक काढायला ती उठणार नाही, म्हणून पुन्हा ऐकून खात्री करायची आहे. ऑगस्टमधली सुटी आत्ताच मागून ठेव. तिने शनिवार ठरवलाय आणि तोपर्यंत मरणार नाही असं सांगितलंय. शब्दाची किती पक्की आहे ते तुला माहीत आहे, आणि चुका काढण्यात किती पक्की आहे तेही. मी मिनायोला म्हटलं, आपण दोघांनी जपून, अगदी थोडं थोडंच सुधारत गेलं पाहिजे.

तुझा
हेझरॉन